अनसाबाईची गाडी आणि तीन तोंडं

पाय आत घ्या आधी. तिघांनीही. घेतले? मग ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी राहायची एक अनसाबाई. घरात माणूस दुसरं नाही, पण ढोल्या नावाचा कुत्रा, ठकी नावाची मांजर आणि जिवली नावाची शेळी. तिची लेक सुभद्रा नदीपलीकडच्या गावात दिलेली. एकदा काय झालं, सुभद्रेचा निरोप आला, "आई, दिवस भरलेत. सासूबाई आजारी आहेत, घरात करणारं कुणी नाही. लवकर ये."

जायचं तर होतंच. पण जनावरं कुणावर टाकायची? शेजारीण म्हणाली, "मी बघते हो." पण ती ठकीला नुसतं बघितलं तरी झाडू उचलायची. मग अनसाबाईनं तिघांनाही बैलगाडीत घातलं आणि स्वतः कासरा हातात घेतला.

घातलं म्हणजे कसं? ढोल्याला भाकरी-कालवण पोटभर चारलं. ठकीला नव्याकोऱ्या पाटीत कोंबलं, वर झाकण घट्ट बांधलं. आणि जिवलीला आखूड दोरीनं गाडीच्या दांडीला जखडलं. का, तर उडी मारायला नको!

गाव सुटलं आणि सुरू झालं. ढोल्या कुंई कुंई. ठकी म्यांव म्यांव. जिवली बें बें. पहिल्या झऱ्यापर्यंत अनसाबाईचं डोकं उठलं. ती ओरडली, "अरे, तोंडानं सांगा तरी काय होतंय ते!"

त्या झऱ्यात आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, बरं का. त्यांनी ऐकलं. झालं!

"मला मळमळतंय," ढोल्या म्हणाला.

अनसाबाई गाडीतून पडायचीच राहिली.

"मला श्वास घेता येत नाही," पाटीतून ठकी म्हणाली, "आणि या पाटीला कसला घाण वास आहे!"

"मानेला हिसके बसतात," जिवली म्हणाली. "प्रत्येक खड्ड्याला. मघापासून एकवीस झाले."

मग काय करते बिचारी? गाडी थांबवली. ढोल्याला उतरवून चालवलं, तेव्हा कुठे त्याचं पोट निवलं. ठकीचं झाकण सैल केलं, खाली आपलं जुनं लुगडं अंथरलं. जिवलीची दोरी लांब सोडली, पण गाडीबाहेर उडी जाणार नाही इतकीच. मग सगळ्यांना पाणी पाजलं आणि निघाली.

पण तोंड फुटलं ते फुटलंच! ऊन लागतंय. सावलीत घे. आता थंडी वाजते. गाव आलं का? अजून नाही? आता तरी आलं का? बैल मात्र दोघेही गप्प. त्यांना काम होतं ना!

वाटेत ओढा लागला. तिथे अनसाबाईनं कपाळावर हात मारला. "आसरांनो, चुकले मी! करा बाई यांची तोंडं बंद!"

आसरांनी तेही ऐकलं. पुन्हा कुंई, म्यांव, बें. अनसाबाईला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आली नदी. काठावर म्हादू नावाड्याच्या अंगणात तिनं बैल बांधले. नावेत लग्नाचं वऱ्हाड आधीच बसलं होतं, पोराबाळांसकट. आणि इथे ढोल्यानं पाय रोवले. ओढला तरी हलेना. जिवली मागं मागं सरकायला लागली. ठकी पाटीत फिस्स करून फुगली.

"मावशे, जनावरं ठेव इथंच," म्हादू म्हणाला. "नाव सुटतेय."

तिकडे लेक वाट बघत होती. अनसाबाईला रडू यायचं बाकी होतं. ती नदीला म्हणाली, "बोलू दे गं त्यांना, एकदाच!"

नदी नुसती वाहत राहिली. आसरा दोनदाच ऐकतात, बरं का.

मग अनसाबाई ढोल्याजवळ खाली बसली. म्हटलं, हा बघतोय तरी कुठे? पाण्याकडे नव्हताच बघत. नावेत वऱ्हाडाचं एक पोतं होतं, त्याच्याकडे बघत होता. जिवलीचे कानही तिकडेच.

"म्हादू, ते पोतं उचल."

"अगं, उशीर होतोय..."

"उचल म्हणते ना!"

उचललं. खाली फळी कुजलेली, आणि बुडबुड बुडबुड पाणी आत येत होतं. म्हादूचा चेहरा पांढराफटक पडला. एकेक लेकरू हातात घेऊन त्यानं खाली उतरवलं. मग नवी फळी ठोकली, फटींत चिंध्या आणि राळ भरली. त्यात दुपार गेली. नाव पुन्हा पाण्यात घातली, तेव्हा ढोल्या उडी मारून सगळ्यांच्या आधी आत. त्याच्यामागं जिवली. पाटी नवरीनं मांडीवर घेतली.

दिवेलागणीला अनसाबाई लेकीच्या दारात पोचली.

"आई, किती गं उशीर!" सुभद्रा कळवळून म्हणाली.

"काही विचारू नकोस. पाणी तापत ठेवलंय का?"

आणि थोड्याच वेळात सुभद्रेला मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मोठ्या आवाजाची. आई सुखरूप, लेक सुखरूप. ढोल्या उंबऱ्यावर आडवा झाला, ठकी चुलीपाशी, जिवली गोठ्यात. अनसाबाईनं नातीला कुशीत घेतलं आणि सगळी आनंदात राहिली.

संपली. आता पाणी नको, शू नको, मांजराचं काय झालं नको. मिटा डोळे.