आवडाबाईचा कातळ

फार फार वर्षं झाली. खारशेत गावात, होडी लागते तिथे, एक काळा कातळ होता आणि त्यावर आवडाबाई रोज चुन्याने गावची बातमी लिहायची. कोणाची गाय व्याली, कुठला बांध फुटला, सगळं आधी स्वतः पायी जाऊन बघायची, मगच लिहायची. गावाने तिचे वार लावले होते, रोज वेगळ्या घरी जेवण. दाट धुक्यातही तिची अक्षरं खाडीपलीकडून वाचता येत, असं म्हणतात.

पुढे तिचे पाय थकले. खोत म्हणाला, "बाई, दारोदार कशाला हिंडतेस? माझ्याकडेच जेव." ती महिनाभर तिथेच जेवली. एकदा ताटावर बसली असताना खोताने सांगितलं, भागीच्या विहिरीत जनावर मरून पडलंय. ज्याचं मीठ खाल्लं त्याला खोटं कसं म्हणायचं? आवडाबाईने न बघताच लिहिलं.

भागी त्या विहिरीवर भाजी पिकवून दोन पोरं पोसत होती. तिची भाजी कोणी हातात घेईना. खोताला ती विहीर स्वस्तात हवी होती, एवढंच.

कुजक्या भाजीचा वास कातळापर्यंत आला, तेव्हा आवडाबाई काठी टेकत विहिरीवर गेली. पाणी तळाचा खडा दिसावा इतकं नितळ होतं. ती काठावर बसून खूप रडली.

"पुसून टाक," लोक म्हणाले. "चार दिवसांनी कोणाच्या लक्षात राहतंय?"

"कातळ पुसेन. तुमची मनं कशी पुसू?"

तिने त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं: भागीचं पाणी चांगलं आहे. मी न बघता लिहिलं होतं. तेव्हा ती अक्षरं बगळे होऊन उडाली, आणि खोटी बातमी जिथे जिथे पोचली होती त्या प्रत्येक गावावरून फिरून आली, असं म्हणतात.

आवडाबाई मात्र भागीच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. भरती आली, ओहोटी लागली. बगळे परतून छपरावर बसले. मग कडी वाजली.

"आत ये," भागी म्हणाली. "भाकरी निवली."

खोताचं पुढे काय झालं, ते कोणाला आठवत नाही. बरंच झालं.

आता खारशेतात छापील पान निघतं, गावच काढतं. लिहिणारा अजून वारानेच जेवतो, एका घरी लागोपाठ दोन दिवस नाही. आणि चुकलं, तर ज्याच्याबद्दल चुकलं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. ते दार उघडलं नाही असं कधी झालं नाही, म्हणतात. किती वेळ उभं राहावं लागतं, ते मात्र कोणी सांगत नाही.