पायऱ्यांवरचा इंग्रजीचा तास

“‘ऑन द वे’ आणि ‘इन द वे’. फरक काय, हेरंबा?”

मठाच्या पायऱ्या उतरता उतरता तात्यामहाराजांनी मध्येच विचारलं. संन्यास घेण्याआधी त्यांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. आता ते डोंगरावरच्या डोलीवाल्यांना शिकवत, परदेशी पाहुण्यांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून. पण डोळे अधू झाले होते. वर्ग कुणाकडे सोपवायचा, ते आज ठरणार होतं.

या वर्गासाठी मठातला शिष्य हेरंब दोन वर्षं झुरत होता. असल्या फसव्या जोड्यांची तीनशे उदाहरणं त्याने वहीत उतरवली होती, आणि मठात येईल त्याला ती ऐकवून जीव नकोसा केला होता. डोलीवाले त्याला थट्टेने ‘मास्तर’च म्हणत.

तो थांबला. भर पायऱ्यांवर, अगदी मधोमध.

“सोपं आहे, महाराज. ‘ऑन द वे’ म्हणजे जाता जाता. खाली उतरताना टाकं लागतं, ते ‘ऑन द वे’. आणि ‘इन द वे’ म्हणजे...”

“वाट! वाट सोडा!” वरून आरोळी आली.

डोली येत होती. पुढे धावजी, मागे त्याचा भाऊ लहानू, आणि डोलीत मठाची स्वयंपाकीण कोंडाबाई. सकाळपासून तिला धाप लागली होती. दवाखान्यात न्यायला पायथ्याशी गाडी उभी होती.

या डोंगराची एक रीत आहे. भरलेली डोली कुणी अडवत नाही. उतारावर ती टेकवता येत नाही, सगळा भार खांद्यावर तोलावा लागतो. उत्सवात मठाची पालखीसुद्धा तिला बाजू देते.

तात्यामहाराज कधीच कड्याला चिकटून उभे राहिले होते. हेरंबाने मागे वळूनही न बघता तळहात वर केला.

“एक मिनिट! तर महाराज, ‘इन द वे’ म्हणजे दुसऱ्याची वाट अडेल असं...”

“मास्तर, सरा!”

धावजीने कसाबसा पाय आवरला. घोटा मुरगळला, तो गुडघ्यावर आला आणि डोली दरीकडे कलली. कोंडाबाई किंचाळली. सत्तरीचे तात्यामहाराज झेपावले आणि त्यांनी दांड्याखाली खांदा घातला.

कोंडाबाईच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती...

हेरंब पांढराफटक पडला. तरी त्याच्या तोंडून निघालंच, “महाराज... उत्तर बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर.”

महाराजांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ते बघून हेरंबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वही तिथेच टाकली, दांड्याखाली शिरला आणि भार आपल्या खांद्यावर घेतला.

“पाय आडवा टाका, मास्तर,” मागून लहानू म्हणाला. “वझं पुढं ढकलतंय. घाबरू नका.”

पन्नास पायऱ्यांत खांदा सोलवटला. शंभरावर गुडघे लटपटायला लागले. धावजीला हाताशी धरून महाराज मागून हळूहळू येत होते.

वळणावर पाच-सहा पर्यटक अख्खी पायरी अडवून फोटो काढत होते.

“वाट! वाट सोडा!”

“हो हो, एकच फोटो!” त्यांच्यातला एक मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला.

हेरंबाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आता थांबलो तर पडलो, आणि आपण पडलो तर कोंडाबाई गेली, एवढंच त्याला कळत होतं.

“सरका! सरका रे! माणूस आहे खांद्यावर!”

घसा फाटेल असा तो ओरडला. माणसं दचकून कड्याला चिकटली. डोली त्यांना घासून पुढे गेली.

वरच्या पायरीवरून महाराजांचा शांत आवाज आला.

“हेरंबा, अरे... त्यांना फरक नाही समजावलास?”