छपराविषयी थोडं बोलायचं होतं

फार मागची गोष्ट. कोकणातल्या एका गावात धाकोजी आणि बुधाजी असे दोन शेजारी राहत. दोघांच्या अंगणांमध्ये एक दगडी गडगा होता आणि गडग्याला लागून फणसाचं झाड. झाड कोणाचं, यावरून दोघे रोज भांडत. घसा कोरडा पडला की एकमेकांकडेच तंबाखू मागत.

एका वर्षी रानडुकरांनी भातशेती नासवली आणि शेजारच्या गावात एका घरावर दरोडा पडला. देवळापुढे गाव जमलं. धाकोजीचं म्हणणं, शिपाई राहतात लांब, दरोडेखोर येतात दारात, म्हणून ज्याच्या त्याच्या घरी बंदूक हवी. बुधाजीला ते पटेना.

तो म्हणाला, "आपण तापट माणसं. काठीचं टेंगूळ उतरतं. बंदुकीचं उतरत नाही."

पुष्कळ वाद झाला, निकाल काही लागला नाही. धाकोजीने बाजारातून ठासणीची बंदूक आणली. ते पाहून बुधाजीनेही आणली. कारण विचारलं तर म्हणाला, माझं मत तेच आहे, पण शेजारी धाकोजी आहे.

डुकरं खरोखर कमी झाली, हे बुधाजीनेही मान्य केलं. आणखी एक नवल घडलं. दोघांची भांडणं थांबली. अरे-तुरे जाऊन अहो-जाहो आलं. फणस पिकला, तेव्हा धाकोजी म्हणाला, आपण घ्या. बुधाजी म्हणाला, छे, आपणच घ्या. शेवटी तो कावळ्यांनी खाल्ला. बंदुकीने माणसं कशी सुधारतात, हे धाकोजी गावभर सांगत फिरला.

एके दिवशी दुपारी धाकोजीची बायको नदीवर धुणं धुवायला गेली होती आणि तो माजघरात झोपला होता. चुलीतली ठिणगी उडून मागचं गवती छप्पर पेटलं. बुधाजीने ते आपल्या अंगणातून पाहिलं. पूर्वी तो गडग्यावरून उडी मारून ओरडत गेला असता. आता त्याच्या मनात आलं, ओरडत धावणाऱ्या माणसाला धाकोजी काय समजेल? म्हणून तो रस्त्याने वळसा घालून फाटकाशी गेला, दोन्ही हात वर केले आणि खाकरला.

"धाकोजीराव, छपराविषयी थोडं बोलायचं होतं."

धाकोजी दचकून जागा झाला. त्याने बंदूक उचलली आणि दार न उघडताच म्हणाला, "उद्या बोलू."

"उद्यापर्यंत ते राहणार नाही."

धाकोजीला ही सरळ धमकी वाटली. त्याने बंदूक दाराकडे रोखली. लोखंडाचा खटका बुधाजीला बाहेर ऐकू आला. पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण ज्वाळा आता आढ्यापर्यंत पोचल्या होत्या. तो फाटक ढकलून आत धावला आणि दारावर लाथा मारत ओरडला, "अरे गाढवा, घर पेटलंय तुझं. बाहेर नीघ, मेल्या."

किती दिवसांनी शिवी ऐकली. धाकोजीच्या जिवात जीव आला. गोळी घालायला आलेला माणूस इतक्या आपुलकीने शिव्या देत नाही, हे त्याला कळलं. तो दार उघडून बाहेर पळाला.

गाव घागरी घेऊन धावत आलं, पण वाटेतच थबकलं. घरात बंदुकीची दारू होती. ती भडकेल या भीतीने कोणी पुढे जाईना. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला आणि राहिलेलं छप्पर माडापलीकडे जाऊन पडलं.

नवीन घर उभं राहीपर्यंत धाकोजी आणि त्याची बायको बुधाजीकडेच राहिली. बुधाजीने आपली बंदूक गावाला दिली. ती पाटलांच्या चावडीत असते आणि डुकरं आली की चार माणसं मिळून बाहेर काढतात. दरोडेखोर आले तर काय, हे धाकोजी अजून विचारतो, आणि त्याचं अगदीच चुकतं असं कोणी म्हणत नाही.

तात्पर्य एवढंच घ्यायचं, की घरात हत्यार असावं की नसावं यावर शहाणी माणसं खुशाल वाद घालोत. पण ज्या दारी शेजाऱ्याला धावत येता येत नाही, ते घर सुरक्षित नव्हे.