हात पुरला की नाही

"लहानपणी तो मुकी जनावरं मारायचा का? एवढं एकच सांगा, गुरुजी."

डॉक्टर रेवणसिद्ध माळगे मठाच्या ओट्यावर टेकला आणि त्याने हेच विचारलं. पुढे केलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

शिवमूर्ती गुरुजी चिंचा फोडत बसले होते. मठाच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. रेवण त्यांच्याच हाताखाली मुळाक्षरं शिकला, पुढे मनाचा डॉक्टर झाला आणि जिल्ह्यात त्याच्या शब्दाला वजन आलं. त्या वजनाची कल्पना सगळ्यात जास्त त्याला स्वतःला होती.

"कोण तो?"

"चंद्राम. ऊसतोडीवाल्यांचा, तुमच्याच वर्गात होता. मुलांच्या निरीक्षणगृहात आहे. एका लहान पोराचा डोळा फोडला त्याने."

गुरुजींचे हात थांबले.

"मी त्याला विचारलं, त्या पोराबद्दल तुला काय वाटतं? तर म्हणतो, त्याला दुसरा आहे की."

...

पोरगा ते रागाने बोलला नव्हता, हसूनही नाही. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं होतं. रेवणने तेव्हा आपली खुर्ची हळूच मागे घेतली होती, आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"मग तुझी मोजपट्टी काय म्हणते?"

"मोजपट्टी चोख आहे." रेवणचा आवाज जरा ताठ झाला. "पश्चात्ताप होतो का, खोटं किती सहज बोलतो, दुसऱ्याचं दुःख कळतं का... प्रत्येकाला गुण असतात. माझ्यानंतर दुसऱ्या डॉक्टरने मोजलं, तरी आकडा तोच आला. सायकोपॅथ म्हणतात ना, तशा माणसाचा आकडा."

"मग अडलंय कुठे?"

"आकडा म्हणजे निदान नव्हे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व असं लिहायचं, तर पंधराच्या आतही तो असाच वागत होता हे सांगणारं कुणीतरी लागतं. आईबाप कुठल्यातरी उसाच्या फडावर, त्यांचा पत्ता नाही. तुम्हीच आहात."

"लिहिलंस की काय होईल?"

"बाल न्याय मंडळ त्याला घरी सोडणार नाही. आणि ते नाव जन्मभर चिकटेल. जाईल तिथे त्याच्या आधी पोचेल."

"नाही लिहिलंस तर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी रेवणची गत झाली होती. सुटल्यावर त्याने आणखी कुणाचा डोळा काढला तर? किंवा जीवच घेतला तर? रेवणला भीती वाटत होती, आणि हे त्याने घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी एक चिंचोका बाजूला टाकला.

"मारायचा," ते म्हणाले. "कोंबडीची पिल्लं रांजणात बुडवायचा. मी बघतोय हे दिसलं, तरी हात बाहेर काढत नव्हता."

रेवणने श्वास सोडला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तो उठला.

"येतो, गुरुजी. उद्या अहवाल द्यायचाय."

"आज का नाही?"

"आज लिहिता येत नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय हे निदान करायचं नसतं. तो उद्या अठरा पूर्ण करतो."

"म्हणजे आज त्याला तो आजार नाही."

"आज त्याला ते नाव देता येत नाही."

"बरं... उद्या तारीख काय?"

"एक जून."



रेवण मटकन खाली बसला. त्या गावात अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. जन्माची नोंद नसलेलं पोर शाळेत आलं की गुरुजी तीच तारीख टाकून मोकळे होत. रेवणची स्वतःचीही तीच. आपली खोटी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याचीही तशीच असेल, हे मात्र एवढ्या हुशार डोक्यात आलं नव्हतं.

"त्याचीही तुम्हीच टाकलीत?"

"मीच टाकली. उजवा हात वर कर."

"गुरुजी..."

"कर की. डोक्यावरून पलीकडे ने. डावा कान धर."

जिल्ह्याच्या डॉक्टरने मुकाट्याने कान धरला. शाळेत घेताना पोरांचं वय असंच मोजत. हात कानाला पुरला तर पहिलीत. नाही पुरला तर घरी, पुढच्या वर्षी या.

"तुझा पुरला नव्हता," गुरुजी म्हणाले. "बोटं वरच अडकली. तुझी आई दारात उभी होती, कडेवर धाकटी. पुढच्या वर्षी ती तुला परत आणेल, असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं... मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान थोडी कलती केली. बोटं कानाला लागली, मी सहा पूर्ण लिहिले."

त्यांनी चिंचेने चिकट झालेला हात धोतराला पुसला आणि रेवणच्या डोक्यावर ठेवला. रेवणची मान आपोआप कलली. आईने हे कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याच्या मनात एकदम दुसरंच आलं. चंद्रामचंही असंच झालं असेल, त्याचं वय अजून भरलंच नसेल, तर उद्या काही लिहायला नको. ते नाव नको, आणि पुढे जे होईल त्याचं ओझंही नको. सुटायची तेवढी एकच वाट होती, आणि ती गुरुजींच्या एका शब्दावर होती.

"त्याचाही पुरला नव्हता ना, गुरुजी?"

...

"पुरला नव्हता, असं म्हणा," रेवणच पुन्हा म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. ते त्या हाताकडेच बघत होते.

"पुरला. पहिल्याच वेळी," ते म्हणाले. "त्याला मला हात लावावाच लागला नाही."