दगडांवरची घोंगडी

"सर, दगडांना थंडी वाजते का हो?"

सारंगने हसत विचारलं. त्या हसण्यात थोडी कीव होती, आणि ती लपवायची तसदी त्याने घेतली नव्हती.

गावतुरे सर टाकाऊ दगडांच्या ढिगावर तणस पसरत होते. तणसावर त्यांनी पोती अंथरली आणि सगळ्यात वर स्वतःची घोंगडी. मग तान्ह्या मुलाचं पांघरूण खोचावं तशा तिच्या कडा खोचल्या.

"वाजते," ते म्हणाले.

आणि शेकोटीपाशी येऊन, हात काखेत घालून, स्वतः कुडकुडत बसले.

म्हातारा आता कामातून गेला, असं सारंगच्या मनात आलं. सरांनी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरकडच्या या ओसाड टेकडीवर पत्र्याची खोली बांधली आणि जिथे कधीकाळी तळं होतं तिथले दगड फोडून त्यातले लाखो वर्षांपूर्वीचे मासे काढत राहिले. इतकी वर्षं दगडांशी बोलल्यावर माणसाचं असंच व्हायचं.

पण या हंगामात शिकायला आलेल्या सारंगला म्हाताऱ्याची छिन्नी मात्र हवी होती.

ती छिन्नी झिजून बोटाएवढी उरली होती. सर ती ज्याच्या हातात देतील त्याच्याकडे ही खाण जाणार, हे ठरलेलं होतं. सरांचे गुडघे आता त्यांना खड्ड्यात उतरू देत नव्हते, म्हणजे हा त्यांचा शेवटचा हिवाळा. सारंगला त्यांनी अट एकच घातली होती. एक अख्खा मासा दाखव.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. दिवाळीच्या आधीपासून सारंगला मासे मिळत होते. शेपट्या मिळाल्या, काटे मिळाले, केसासारखे बारीक पर मिळाले. डोकं मात्र एकाही माशाला नव्हतं.

वेळही थोडा उरला होता. पावसाळ्याची ओल पोटात असते तोवरच हा दगड पदर सुटावा तसा सुटतो. मार्गशीर्षातला कोरडा वारा लागला की छिन्नी लावायचा अवकाश, नुसता भुगा हाती येतो.

वारा कालपासून सुटला होता.

"या थरातल्या माशांना डोकी नसतातच, सर," सारंग शेकोटीपलीकडून म्हणाला. "मेल्यावर कुजून गळून पडली असतील. मी ते सिद्ध करून दाखवीन."

सरांनी काखेतले हात काढून शेकोटीवर धरले.

"मग बिनडोक्याचा मासा अख्खा मानायला काय हरकत आहे?"

"माझी काहीच नाही… माशाला विचारून पाहा."

सारंगला ते झोंबलं. "तुम्ही मला काही शिकवतच नाही."

"शिकवलं की. पहिल्या दिवशी."

"काय शिकवलं?"

सरांनी शेकोटीत एक काटकी सरकवली…

सकाळी सारंग खड्ड्यात उतरला तेव्हा बोटं बधिर झाली होती. त्याने ती तोंडाजवळ धरून फुंकली, आणि दात खाऊन कामाला लागला. आज मासा निघाला नाही तर या वर्षी निघणार नाही, हे त्याला कळत होतं. उन्हं कलेपर्यंत तो उठला नाही. दुपारची भाकरी फडक्यात तशीच राहिली.

मग एक चांगला रुंद दगड हाती लागला. त्याने कडेला छिन्नी टेकवली. हलक्या हाताने ठोकली, दगड फिरवला, पुन्हा ठोकली. आतून बारीक कुरकुर ऐकू आली आणि वरचा पदर सुटला.

खाली मासा होता. वीतभर लांब, एकेक काटा मोजून घ्यावा असा. शेपूट, कणा, पर…

आणि मानेपाशी खळगा.

सारंगने डोळे मिटले. वरच्या पदराला तो झाकण म्हणायचा. डाव्या हातातलं झाकण त्याने रोजच्यासारखं खांद्यावरून मागे भिरकावलं. मागे बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. फेकलं की ढिगावर धपकन पडल्याचा आवाज यायचा, तेवढं पुरे होतं.

आज आवाज आला नाही.

त्याने वळून पाहिलं. ढिगापुढे सर उभे होते. घोंगडीची झोळी करून त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली होती. झोळीत ते झाकण होतं, आणि त्याच्या वजनाने म्हातारा गुडघ्यात वाकला होता.

"सर, काय करून राहिले तुम्ही? लागलं असतं ना."

सर खाली बसले. झाकण त्यांनी मांडीवर घेतलं, सावकाश पालथं केलं, आणि कलत्या उन्हाकडे तोंड करून धरलं.

सारंग खड्ड्याबाहेर आला.

झाकणाच्या पोटाला एक उघडं तोंड होतं. त्यामागे डोळ्याची गोल खोबण, त्यामागे कल्ला. डोकं जाड असतं. ते वरच्या पदराला घट्ट चिकटून राहिलं होतं आणि बाकीचा मासा खाली सुटला होता. सारंगने खालचा दगड आणून झाकणाला लावला. मान मानेला बसली.

सारंगने मग ढिगाकडे पाहिलं. अख्ख्या हंगामाची झाकणं तिथे पडली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही नुसतं बघत बसले?"

"झाकत बसलो."

"सांगितलं काहून नाही, सर?"

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

आता सारंगला ते आठवलं. दगड दोन्ही हातांनी उघडायचा, दोन्ही हातांतलं बघायचं, सर म्हणाले होते. तेव्हा त्याला हसू आलं होतं. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाला हे बालवाडीचे धडे कशाला, असं वाटलं होतं. आज त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



मग सारंगने घोंगडी झटकली आणि सरांच्या खांद्यावर टाकली. हातोडी ठेवली. ढिगावरची पोती ओढली, तणस बाजूला केलं, आणि पहिलं झाकण दोन्ही हातांनी उचललं.

त्याच्या खपल्या होऊन गळून पडल्या. सरांनी ढीग झाकायला सुरुवात केली त्याआधीचं ते होतं. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या दवाने त्यातलं डोकं कायमचं गेलं होतं. त्याने दुसरं उचललं, त्यात काही नव्हतं. तिसऱ्यात जबडा होता. तो त्याने तणसावर अलगद उताणा ठेवला.

"तिकडे खाणीतला दगड सुकून राहिला," सर म्हणाले. "आज-उद्यात जेवढं निघेल तेवढंच."

"सुकू द्या."

"अख्खा मासा तर तुला मिळाला."

"तो तुम्ही झेलला, सर. मी फेकला होता." सारंगने पुढचं झाकण उचललं. "हा ढीग संपल्याशिवाय मी खड्ड्यात उतरत नाही. खाण यंदा हातची गेली तरी चालेल."

वाऱ्याने तणस उडत होतं. सारंगची बोटं फुटून रक्त आलं होतं, ते तो शर्टाला पुसत होता, झाकणाला लागू देत नव्हता.

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत त्याच्यापाशी आले. बंडीच्या खिशातून त्यांनी ती झिजलेली छिन्नी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

सारंग बघतच राहिला. दोन्ही हातांत झाकण होतं, छिन्नी घ्यायला हात मोकळा नव्हता.

"आता कशाला, सर? इथे तर छिन्नीचं काहीच काम नाही."

"म्हणून तर देतो."