न्हाणीघराच्या पंपाचा अर्ज

विषय : शिडाच्या होडीतील न्हाणीघराच्या पंपाने जाळी धुऊन मिळण्याबाबत केलेला अर्ज.

फार वर्षांपूर्वीच्या या होडीचे न्हाणीघर समुद्राच्या पातळीखाली होते. त्यामुळे आंघोळीचे पाणी तळाच्या डब्यात साचे आणि म्हातारा पंप ते उपसून वर, समुद्रात टाकत असे. एकदा डब्याची जाळी केसांनी तुंबली आणि पंपाला धाप लागली.

"शीडसाहेब, होडी हाकणाऱ्या तांडेलांना सांगून जाळी तेवढी धुऊन घ्या. जीव जातोय माझा."

"पाणी उताराने आपलं आपण जातं, म्हाताऱ्या. तुझं काम काय त्यात?" शीड फुगून म्हणाले. "तरी रीतसर अर्ज दे."

पंपाने अर्ज दिला. तिसऱ्या आंघोळीला पंपच जळाला.

आंघोळीचे पाणी तळाच्या फळ्यांवर चढले. भर वाऱ्यातही जड होडी हलेना.

"अहो पंपकाका!" शिडाने प्रथमच अदबीने हाक मारली.

अर्ज शिडाच्या घडीत असून विचाराधीन आहे.