बाईंची करंगळी

माणसं फोनवर बोलायची आणि त्यांची पाठ वळली की फोन आपापसांत बोलायचे, त्या काळची गोष्ट. मंदाकिनीबाई पोळ्या करून विकायच्या. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून दोन फोन असायचे, एक त्यांचा आणि एक त्यांच्या यजमानांचा.

एकदा यजमानांच्या फोनला अपडेट मिळालं. गोलगोल चित्रं, निळसर पडदा, भलंमोठं घड्याळ. बाईंचा फोन आतल्या आत जळू लागला.

"तुझी मजा आहे बुवा," तो म्हणाला.

"त्यात काही राम नाही रे," यजमानांचा फोन म्हणाला.

'स्वतःला मिळालं की असंच सुचतं,' असं म्हणत बाईंच्या फोनने टिणटिण करून त्यांना भंडावून सोडलं. शेवटी कंटाळून त्यांनी 'हो' वर बोट टेकवलं.

संध्याकाळी तोही नटूनथटून बसला. आता बाई आपल्याकडे बघतच राहणार, अशी त्याची खात्री होती.

बाईंचे हात कणकेने भरलेले होते. रोजच्यासारखी त्यांनी न बघताच फोनच्या कोपऱ्यात करंगळी टेकवली. तिथे लेकीचा नंबर असायचा. आज टॉर्च लागला. पुन्हा टेकवली, तर कॅमेरा उघडला. तव्यावरची पोळी करपली. बाई हात धुऊन चष्मा शोधायला आत गेल्या.

"यजमान माझ्याकडेही चष्मा लावूनच बघतात," यजमानांचा फोन हळूच म्हणाला. "तुझ्याकडे मात्र बाईंना बघावंच लागायचं नाही. मला त्याचाच हेवा वाटायचा."